शून्य सावलीचा मंडप

आमच्या भागात विज्ञानाचा कार्यक्रम करायचा असेल तर आधी निसर्गालाच समजावून सांगावं लागतं की बाबा रे, जरा थांब, अजून दीपप्रज्वलन व्हायचं आहे. मी मेहकरला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये गावोगाव जाऊन लहानथोरांसाठी असले कार्यक्रम घेते. मला हे कुणी सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, तुला घरात भांडायला माणसं कमी पडतात म्हणून तू गावं गोळा करत फिरतेस. तो अगदीच खोटं बोलतो असं नाही.

एकदा आम्ही दुर्बिणीतून शनी दाखवायचं ठरवलं. दुर्बीण उसनी आणली, शाळेच्या गच्चीवर लावली आणि खाली फळ्यावर लिहून ठेवलं की शनिवारी दिवेलागणीला शनी दाखवण्यात येईल. शनिवार निवडला कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. लोक आले ते तेलाच्या वाट्या आणि रुईच्या पानांच्या माळा घेऊन आले. चपला खाली काढल्या, जिन्यावर शिस्तीत रांग लावली. मी शनीच्या कड्यांबद्दल बोलत होते आणि एकेक जण डोळा लावायच्या आधी दुर्बिणीला हात जोडत होता. त्यात कुणा बाईने भिंगावर तेल कधी वाहिलं ते मला समजलंच नाही. तिच्या मागच्या माणसाला शनी दिसेना, तेव्हा तो घाबरला की आपल्यावरच कोपला. त्याला धीर देऊन घरी पाठवता पाठवता मला घाम फुटला. दुर्बिणीच्या मालकाला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

लोणारच्या सरोवराकाठी पक्षी बघायला नेलं, तेव्हाही तसंच. पहाटे शांतपणे खाली उतरायचं असं ठरलं होतं. पण पाहुणे म्हणून एक साहेब येणार होते, आणि साहेबांचं स्वागत मुक्याने कसं करायचं, म्हणून संयोजकांनी वर रस्त्याच्या कडेला बँड उभा केला. तो वाजला आणि खाली झाडीतून जे काही पंख असलेलं होतं ते सगळं उडून गेलं. साहेबांनी भाषणात पक्षी वाचवले पाहिजेत असं सांगितलं. तोपर्यंत आसपास एक कावळा उरला होता आणि तो पोह्यांसाठी थांबला होता.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, शून्य सावलीच्या दिवशी जे झालं ते मला आधीच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण त्या वेळी माझं लक्ष विज्ञानाकडे कमी आणि बाबांकडे जास्त होतं.

शून्य सावली म्हणजे फार अवघड काही नाही. सूर्य दुपारी डोक्यावर येतो असं आपण म्हणतो, पण तो बरोब्बर डोक्यावर बहुतेक दिवशी येत नाही, थोडा दक्षिणेला नाहीतर उत्तरेला कलून जातो. आमच्याकडे तो वर्षातून दोनदाच अगदी माथ्यावर येतो. एकदा मे महिन्यात, आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात, जेव्हा ढगांमुळे त्याचा काही उपयोग नसतो. मे महिन्यातल्या त्या दुपारी, घड्याळात बारा वाजून गेल्यावर थोड्या वेळाने, सरळ उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूची सावली कुठल्याच बाजूला पडत नाही. ती असते, पण पायाखाली. मिनिटभर हे चालतं आणि मग सूर्य पुढे सरकतो.

बाबा माझ्याकडे मेहकरलाच राहतात. ऐंशी ओलांडलेली आहे. उभी हयात बसडेपोत मेकॅनिक म्हणून गेली, बसच्या पोटाखाली वाकून वाकून पाठ वाकली ती तशीच राहिली. दोन वर्षांपूर्वी जेवताना मी त्यांना सहज हे सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"कोनाचीच नाही पडत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुणाचीच नाही.

"पाटलाचीबी नाही?"

पाटलाचीही नाही, मी म्हटलं. मग त्यांनी म्हशीचं विचारलं. मी सांगितलं की म्हशीची पडेल, कारण म्हैस आडवी असते, पण सरळ उभ्या माणसाची पडणार नाही, मग तो कुणी का असेना. बाबा बराच वेळ हसले, म्हशीवर की पाटलावर ते कळलं नाही, आणि मग म्हणाले की हे आपल्या गावात करायचं.

आपलं गाव म्हणजे मेहकर आणि जानेफळच्या मधलं, मुख्य रस्त्यापासून आत असलेलं. आमची घरं खालच्या अंगाला, विहाराजवळ. बाबांचं बालपण तिथे गेलं, आणि ते बौद्ध धम्म घेण्याच्या आधीचं बालपण होतं. त्या गावाबद्दल बाबा फारसं बोलत नाहीत. एवढंच म्हणतात की त्या गावात आम्हाला सावली जपून वापरावी लागायची. कुणाच्या घागरीवर पडली, कुणाच्या ओट्यावर पडली, तर तिचा जाब माणसाला द्यावा लागायचा. आता तसं काही राहिलेलं नाही, गावात सगळे त्यांना मानाने बोलावतात. पण बाबांना त्या गावात, वरच्या अंगाला, भर दुपारी, सावली नसलेलं उभं राहायचं होतं. एकदाच. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं.

गेल्या वर्षी सगळं ठरवलं आणि नेमके ते तापाने पडले. दवाखान्यात त्या दुपारी त्यांनी नर्सला खिडकीचा पडदा सारायला लावला आणि सलाईनच्या दांड्याची सावली बघत बसले. दांड्याची सावली नसेलही, पण खिडकी उत्तरेची होती, ऊन आत आलंच नव्हतं. या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दुपारच्या उन्हात यांना बाहेर काढायचं नाही. मी डॉक्टरांशी वाद घातला, एका मिनिटाचा तर प्रश्न आहे म्हणून. डॉक्टर म्हणाले, तुमचे कार्यक्रम मी पाहिलेत. बाबांनी मात्र जाहीर करून टाकलं की मी नेलं नाही तर ते बसने एकटे जातील. पुढच्या वर्षीचा काय भरवसा, असं ते म्हणाले नाहीत. मीच तो विचार करत होते.

गावाचे सरपंच तरुण, अंगाने भरलेले आणि मनाने चांगले. मी कार्यक्रमाचं बोलले तेव्हा त्यांना फार आनंद झाला. जिल्ह्यात नाव निघालं पाहिजे असं करू, म्हणाले. बुलढाण्याहून मोठे पाहुणे आणू, गावातल्या ज्येष्ठांचे सत्कार करू, शेवटी सगळ्यांना जेवण. मी सगळ्याला हो म्हटलं आणि एकच अट घातली की मंडप घालायचा नाही. वरच्या अंगाच्या शाळेचं मैदान उघडं हवं. उन्हाशिवाय सावली नाही आणि सावलीशिवाय तिचं नाहीसं होणं नाही. सरपंच "हाव मॅडम" म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा "हाव मॅडम" म्हणाले. फोनवरही सांगितलं. हा हाव फार धोक्याचा शब्द आहे हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. त्याचा अर्थ एवढाच की तुमचं बोलणं ऐकू आलं.

त्या दिवशी आम्ही पोचलो तर शाळेच्या मैदानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मंडप. साधासुधा नाही, दुहेरी कापडाचा, आतून गुलाबी, कडेने झालर, खांबांना फुगे. उन्हाचा ठिपका जमिनीवर सापडायचा नाही. प्रवेशद्वारावर मोठा फलक होता, त्यावर कार्यक्रमाचं नाव, सरपंचांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं की बसण्याची व सावलीची उत्तम सोय केली आहे.

मी सरपंचांना गाठलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण आवाज चढला होता हे नक्की, कारण मंडपवाल्याची माणसं शिडीवरून खाली बघायला लागली. सरपंच बिचारे कावरेबावरे झाले.

"मॅडम, मे महिना आहे," ते म्हणाले. "पाव्हण्याईले उन्हात बसवू का? लोकं आपल्यालेच नावं ठेवतीन."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मे महिन्यात आमच्याकडे मंडपाशिवाय कार्यक्रम करणं म्हणजे लोकांना बोलावून त्यांचा अपमान करणं. बारसं असो की शोकसभा, आधी कापड वर जातं आणि मग माणूस खाली बसतो. त्या कापडाचा कार्यक्रमाशी संबंध असू शकतो, हे कुणाच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं. मंडपवाल्याला मी निदान एक बाजू सोडायला सांगितलं. तो म्हणाला, गाठी अशा मारल्यात की सोडायला संध्याकाळ होईल, आणि संध्याकाळी सूर्य काय कामाचा. एवढं विज्ञान त्याला कळत होतं.

सगळ्या मैदानात उघडी जागा एकच उरली होती, झेंड्याच्या खांबाभोवतीची. तिथे मंडप घालू द्यायला मुख्याध्यापकांनी साफ नकार दिला होता. पण ती जागाही मोकळी नव्हती. शाळेला सुट्टी, फरशी स्वच्छ आणि ऊन कडक, म्हणून गावातल्या बायकांनी तिथे जुनी पातळं अंथरून सगळीकडे वाळवण घातलं होतं. पांढऱ्याशुभ्र कुरड्या, खांबाच्या ओट्यापर्यंत. त्या बायका ग्रामपंचायतीलाही बधल्या नव्हत्या. चीक घेतलेला, कुरड्या पाडलेल्या, आता सूर्य डोक्यावर येवो नाहीतर खाली पडो, त्या कुरड्या उचलणार नव्हत्या.

बाबांना तोवर व्यासपीठावर नेऊन बसवलं होतं. ज्येष्ठ नागरिक म्हणून त्यांचा पहिला सत्कार होता. डोक्याला फेटा बांधला, गळ्यात हार घातला, मागे कूलर लावला. गावात त्यांचा असा मान कधी झाला नव्हता, त्यामुळे मला त्यांना उठवता येईना. ज्याचा सत्कार व्हायचा आहे त्याने आधीच उठून जाणं बरं दिसत नाही, आणि सत्कार पाहुण्यांच्या हस्ते होता, आणि पाहुणे अजून चिखलीत चहा घेत होते. बाबा मधूनमधून माझ्याकडे बघून हाताने विचारत होते, कधी. मी हाताने सांगत होते, होईल.

दरम्यान लोकांना गप्प ठेवायला म्हणून माइक माझ्या हातात देण्यात आला. मी पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला, बाटली उभी करून दाखवली. लोकांनी नीट ऐकलं आणि मग प्रश्न विचारले. एकाला जाणून घ्यायचं होतं की सावली जाताना अंगाला काही होतं का. एकाने शेळ्या आत बांधून आलोय, बरोबर केलं ना, असं विचारलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईची शंका निराळी होती. इतक्या लोकांची सावली एकदम जाणार आणि एकदम येणार, तर आपली आपल्यालाच परत मिळते ना, की गर्दीत अदलाबदल होते? मी सांगितलं की आपलीच मिळते. तिने शेजारणीकडे बघून मान हलवली, आणि शेजारीण जरा नाराज झाल्यासारखी दिसली.

बारा वाजले आणि पाहुणे आले नाहीत. सरपंच घामाघूम होऊन माझ्याकडे आले आणि मला बाजूला घेऊन अगदी खासगीत बोलले.

"मॅडम, हे दोन वाजेलोक लांबवता येते का?"

मी म्हटलं, काय लांबवता येतं का?

त्यांनी वर मंडपाकडे बोट दाखवलं. म्हणजे मंडपाच्या वर. मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना म्हटलं की तो कुणाच्या वशिल्याने चालत नाही. ते म्हणाले की ते समजतं, पण एकदा विचारून पाहायला काय हरकत होती.

मग माझा धीर सुटला. माइकवरून सांगितलं की सूर्य पाहुण्यांसाठी थांबणार नाही, ज्यांना सावली जाताना बघायची आहे त्यांनी आत्ताच्या आत्ता उठून झेंड्याच्या खांबाजवळ यावं. क्षणभर कुणी हललं नाही, कारण उठलं की खुर्ची जाते. मग एका शहाण्याने आपली प्लास्टिकची खुर्ची बरोबर उचलली. ते बघून सगळ्यांनी उचलल्या. मंडपाबाहेर पाय ठेवताच चटका बसला तसा त्याच शहाण्याने खुर्ची उलटी करून डोक्यावर धरली, आणि थोड्याच वेळात अख्खं गाव लाल प्लास्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन उन्हात उभं राहिलं. बायकांनी पदर ताणले, दोघातिघांनी छत्र्या उघडल्या. आपली सावली नाहीशी होताना बघायला आलेला प्रत्येक माणूस जिथे उभा होता तिथे भरपूर सावली पाडून उभा होता. मी ओरडले, खुर्च्या खाली ठेवा. त्यांनी ठेवल्या आणि त्यावर बसले.

खुद्द सरपंच तेवढे उघड्या उन्हात ताठ उभे राहिले, उदाहरण म्हणून. सगळे त्यांच्या पायांकडे बघू लागले. पण पोट पुढे आलेलं असल्याने त्यांच्या पायांपुढे एक गोल सावली पडली होती ती काही जाईना. वेळ जवळ येत होती आणि सरपंचांची सावली तिथेच. लोकांत खसखस सुरू झाली. मी समजावलं की पोटाची सावली पडणारच, त्यात कमीपणा काही नाही. त्यांनी श्वास आत ओढून पाहिला, तरी थोडी उरली.

याच गोंधळात मी व्यासपीठावर जाऊन बाबांना हात दिला आणि उठवलं. कुणी अडवायच्या आत त्यांना खाली उतरवलं. तेवढ्यात गेटाबाहेर फटाक्यांची माळ लागली. पाहुण्यांची गाडी आली होती. सरपंच "आले, आले" करत धावले, आणि त्यांच्यामागे खुर्च्या उचलून गाव धावलं. पाहुणे मंडपात जाणार म्हणजे पुढच्या रांगा पकडायला हव्यात. झेंड्याच्या खांबापाशी बघता बघता कुणी उरलं नाही. मी, बाबा, आणि कुरड्यांवरचे कावळे हाकत बसलेली एक बाई. ती वरच्या गल्लीतली कुणाची तरी सून होती, काठीला काळी चिंधी बांधून बसली होती.

खांबाकडे जायला पातळांच्या मधून पाऊलभर वाट होती. बाबा तिथे आले आणि थांबले. मी म्हटलं, चला बाबा, वेळ झाली. ते हलले नाहीत. कुरड्यांकडे बघत होते.

"इथून नाही जमत," ते म्हणाले.

मला वाटलं ऊन लागलं. मी पाणी काढू लागले तर त्यांनी नको म्हटलं आणि उभ्या उभ्या, माझ्याकडे न बघता मला एक जुनी गोष्ट सांगितली. लहानपणी वरच्या गल्लीत काही पोचवायचं असलं की त्यांची आई त्यांना भर दुपारीच पाठवायची. उन्हाळ्यात गल्लीभर बाजांवर वाळवणं असायची आणि दुपारी सावली पायात असते, म्हणून. एकदा खेळण्यात उशीर झाला आणि ते उन्हं कलल्यावर गेले. सावली लांब झाली होती आणि ती एका बाजेवरच्या कुरड्यांवरून गेली. त्या घरच्यांनी सगळ्या कुरड्या उचलून म्हशीपुढे टाकल्या. मग बाबांच्या वडिलांना बोलावून आणलं, आणि नुकसान झालं म्हणून त्यांच्याकडून दिवसभर लाकडं फोडून घेतली. म्हशीने कुरड्या आवडीने खाल्ल्या, हे बाबांना अजून आठवत होतं.

इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. मंडपातून माइक तपासल्याचा आवाज येत होता, हॅलो हॅलो. मला त्या आवाजाचा, त्या मंडपाचा आणि सगळ्या गावाचा भयंकर संताप आला.

त्या बाईला आमचं बोलणं ऐकू गेलं नसावं. तिने नुसतं वर बघून सांगितलं की बाबा, या ना मधून, पाय तेवढा पाहून टाका. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग वाटेकडे. मग एकेक पाऊल जपून टाकत ते खांबाच्या ओट्यापाशी गेले. मी मागोमाग.

खांबाची सावली गेलेली होती. एवढा उंच खांब आणि जमिनीवर त्याची रेघसुद्धा नाही. पण बाबांची सावली होती, कारण पाठ वाकलेली, आणि डोकं पायांच्या पुढे झुकलेलं. मी त्यांना आधी कधी हे बोलले नव्हते. आता बोलावं लागलं. बाबा, सरळ उभं राहिलात तरच जाईल.

त्यांनी हार काढून माझ्या हातात दिला. फेटा काढला, त्याचा तुरा मध्ये येत होता. काठी दिली. एका हाताने खांब धरला आणि हळूहळू स्वतःला वर उचलायला लागले. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं, निदान मला कळायला लागल्यापासून नाही. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मग त्यांनी खांबही सोडला.

"गेली?" त्यांनी विचारलं.

त्यांना स्वतःला बघता येत नव्हतं. बघायला वाकले असते तर ती परत आली असती. नजर समोर शाळेच्या भिंतीवर ठेवून ते मला विचारत होते. मी खाली पाहिलं. त्यांच्या चपलांच्या बाहेर काही नव्हतं, फरशी होती आणि ऊन होतं.

मी म्हटलं, गेली बाबा.

"नीट पाह्य."

मी पुन्हा पाहिलं आणि पुन्हा सांगितलं. ती बाईसुद्धा उठून आली, तिनेही वाकून त्यांच्या पायांभोवती पाहिलं आणि सांगितलं की खरंच नाही. मग तिने स्वतःचे पाय पाहिले आणि गंमत वाटून हसली. बाबा हसले नाहीत. ते श्वास रोखून उभे होते. मंडपात टाळ्या वाजत होत्या, पाहुण्यांना शाल घातली जात होती, मे महिन्यात.

मग त्यांच्या पाठीला ते सोसेना. ते एकदम खाली आले, पुन्हा होते तसे झाले. आणि वाकताच त्यांच्या डोक्याची सावली पुढे पडली ती थेट पातळावरच्या कुरड्यांवर. बाबा असे झटक्याने मागे सरले की पडलेच असते. मी दोन्ही हातांनी धरलं म्हणून वाचले.

"काऊन सरकले बाबा?" ती बाई म्हणाली. ती खाली बसून कुरड्या उलट्या करत होती, वरसुद्धा बघितलं नाही तिने. "राहा ना उभे तसेच. माणूस उभा असला का कावळे येत नाहीत."

बाबांनी तिच्या कुरड्या उलटणाऱ्या हातांकडे पाहिलं. मग परत पुढे झाले आणि जिथे आधी होते तिथे पाय रोवून उभे राहिले. त्यांची सावली पुन्हा कुरड्यांवर पडली. बाई त्या सावलीतच हात घालून एकेक कुरडई उलटत राहिली.

एवढ्यात सरपंच धापा टाकत आले. पाहुणे विचारून राहिले होते की सावली कुठे आहे, त्यांच्यासाठी एकदा परत दाखवता येईल का, फोटोपुरती. आणि बाबांचं नाव पुकारलंय, शाल घेऊन पाहुणे उभे आहेत, लवकर चला. मी सरपंचांना सांगितलं की दाखवायचं होतं ते झालं. त्यांनी खाली कुरड्यांकडे, बाबांकडे पाहिलं, आणि काही समजलं नाही तरी "हाव मॅडम" म्हणून परत गेले.

मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि भीती वाटायला लागली. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी फेटा त्यांच्या डोक्यावर परत ठेवला, दंड धरला आणि म्हटलं, झालं ना बाबा मनासारखं, चला आता सावलीत. सूर्य थोडा कलला होता. बाबांची सावली कुरड्यांच्या आणखी एका ओळीवर चढली होती. त्यांनी माझा हात सोडवला. नजर खालीच होती.

"थांब वं माय," ते म्हणाले. "जराशी मोठी होऊ दे तिले."